विंचूर परिसरातील ग्रामीण गरिबांचा निवारा

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे लासलगावच्या दक्षिणेस असलेले, कांदा-द्राक्षांच्या पट्ट्यातील मोठे गाव. पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याला विंचूरकर हे नाव या जहागिरीच्या गावावरून मिळाले. जहागीरदारांची हकीकत इतिहासग्रंथांत आढळते. शेतमजूर, कारागीर व आदिवासी कुटुंबांच्या घरांचा इतिहास मात्र बांधकामाच्या रीती, महसुली नियम आणि शासकीय योजना यांवरूनच जुळवावा लागतो.

पारंपरिक घरे : या भागातील जुने घर प्रामुख्याने धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे असे. मातीच्या जाड भिंती व लाकडी खांबांवर तुळया टाकून त्यांवर किलच्या (लाकडाच्या आडव्या चिपा) पसरत आणि वर पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरील राखट माती चोपून बसवीत. घराचा आकार खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात, मोजला जाई. ज्यांना लाकूड परवडत नसे ते तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांचा कूड उभारून तो शेणमातीने लिंपीत व वर गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर घालीत. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हा त्यांचा दरवर्षीचा खर्च होता.

जागा व जात : गावठाण म्हणजे वस्तीसाठी राखलेली जमीन. महारवाडा, मांगवाडा व भिलाटी या वस्त्या सामान्यतः गावकुसाबाहेर असत आणि महारांची जागा-जमीन वतनी, म्हणजे वंशपरंपरागत गावकामाच्या, सेवेशी जोडलेली असे. कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली, तरी भूमिहीनांच्या घराखालील जमिनीचा प्रश्न त्याने मिटला नाही. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा व बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

शासकीय योजना : केंद्राने 1957 मध्ये ग्रामीण गृहनिर्माणासाठी कर्जाची योजना आणली, तथापि तारणाला जमीन नसलेल्या मजुराला कर्ज मिळणे अवघड होते. 1971 मध्ये भूमिहीन मजुरांना घराची जागा देण्याची योजना सुरू झाली व 1975 च्या वीस कलमी कार्यक्रमात तिला स्थान मिळाले. 1985-86 मध्ये रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झालेली इंदिरा आवास योजना 1996 पासून स्वतंत्र झाली. तिची जागा 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. तीत किमान 25 चौ.मी. घरासाठी सपाट प्रदेशात 1,20,000 रुपयांचे अनुदान ठरले, ते जोते, भिंती व छत अशा टप्प्यांनुसार हप्त्याहप्त्याने मिळते आणि रोजगार हमीतून 90 दिवसांच्या मजुरीची जोड असते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि इतर मागासवर्गीयांसाठी 2023 पासून मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत.

सद्यःस्थिती : बागायतीमुळे व विंचूरच्या वाइन पार्कसारख्या उद्योगांमुळे जमिनीला मोल आले, तशी घरापुरती जागा मजुराच्या आवाक्याबाहेर गेली. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षहंगामासाठी येणारी कुटुंबे मळ्यातील पत्र्याच्या खोल्यांत किंवा पालांत राहतात. ती जागा मालकाची असल्याने तेथे त्यांना घरकुल बांधता येत नाही. गायरानावरील, म्हणजे गावच्या सामाईक चराऊ जमिनीवरील, अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी दिला, मात्र भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला. जागा विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय अर्थसाहाय्य योजना असून तिची मूळ मर्यादा 50,000 रुपये होती. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. म्हणून योजनेच्या लाभार्थी यादीत नाव लागूनही स्वतःची जागा नसलेल्या कुटुंबाचे घरकुल जागा मिळेपर्यंत सुरू होत नाही.