सीझरचे मृत्युपत्र आणि सिनाचे नाव

दगा देणाऱ्या मित्राला ‘ब्रूटस’ म्हणण्याची रीत मराठीत इतकी रुळली आहे, की शेक्सपिअरचे नाटक न वाचलेला माणूसही ती बिनदिक्कत पाळतो. रीत चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. इ.स.पूर्व ४८ साली फार्सालसच्या लढाईत ब्रूटस सीझरच्या विरुद्ध बाजूने लढला. सीझरने त्याला माफ केले, मानाची पदे दिली आणि इ.स.पूर्व ४४ च्या १५ मार्चला त्याच ब्रूटसने सीझरवर खंजीर चालवला. पण ‘ज्युलिअस सीझर’ पुन्हा पुन्हा वाचताना आम्हाला असे वाटू लागले, की सगळी दगाबाजी ब्रूटसच्या खात्यावर टाकून आपण फार स्वस्तात सुटतो. या नाटकात खंजिराइतकीच घातकी ठरते ती जीभ.

तिचा पहिला वार खुनाच्या दिवशी सकाळीच होतो. सीझरच्या बायकोला वाईट स्वप्न पडले आहे: नवऱ्याच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा लागल्या आहेत. सीझर घरीच थांबायचे ठरवतो. इतक्यात डेसिअस येतो आणि त्याच स्वप्नाचा शुभ अर्थ लावून दाखवतो. वर राजमुकुटाचे आमिष आणि ‘लोक हसतील’ ही भीती. सीझर निघतो. इतिहासातला हा माणूस म्हणजे डेसिमस ब्रूटस. शेक्सपिअरने प्लुटार्कची चरित्रे १५७९ च्या इंग्रजी भाषांतरात वाचली होती. नावाची गफलत तिथलीच. स्युटोनिअस सांगतो, की सीझरच्या मृत्युपत्रात दुय्यम वारसांमध्ये या डेसिमसचे नाव होते. मृताने ज्याला वारस नेमले, त्यानेच त्याला हाताला धरून मरणाकडे नेले.

दुसरा वार अर्थातच अँटनीचा. नाटकात खून, ब्रूटसचे भाषण आणि अँटनीचे भाषण एकापाठोपाठ येतात. प्रत्यक्षात मध्ये काही दिवस गेले, आणि ते दिवस महत्त्वाचे आहेत. १७ मार्चला सिनेटची बैठक झाली. सिसेरोच्या सूचनेवरून मारेकऱ्यांना माफी मिळाली. अँटनीने या समेटात पुढाकार घेतला. कटवाल्यांची खात्री पटावी म्हणून आपला मुलगा ओलीस पाठवला, रात्री कॅसिअसला जेवायला बोलावले. ज्याच्याबरोबर मीठ खाल्ले, त्याच्याच घरावर काही दिवसांत जमाव चालून गेला.

त्या अंत्ययात्रेत अँटनी नेमके काय बोलला, याबद्दल जुन्या इतिहासकारांत एकवाक्यता नाही. स्युटोनिअसच्या मते त्याने सीझरच्या गौरवाचा ठराव आणि सिनेटने घेतलेली शपथ वाचायला लावली व स्वतः थोडेच शब्द जोडले. अपियनने मात्र लांबलचक भाषण दिले आहे. रक्ताने माखलेला झगा आणि २३ जखमा दाखवणारा मेणाचा पुतळाही त्याच्याकडेच भेटतो. म्हणजे आज आपण ज्याला अँटनीचे भाषण म्हणतो ते शेक्सपिअरचे आहे.

आणि काय भाषण आहे! ब्रूटस गद्यात बोलतो, मोजून-मापून, कायदेपंडितासारखा. अँटनी ‘सन्माननीय’ हा एकच शब्द मारेकऱ्यांसाठी इतक्या वेळा वापरतो, की शेवटी त्याची शिवी होते. सीझरने तीनदा मुकुट नाकारला, हा त्याचा मोठा पुरावा. पण तो मुकुट पुढे करणारा खुद्द अँटनीच होता. झग्याचे एकेक भोक दाखवून हे कॅसिअसचे, हे कास्काचे, हे ब्रूटसचे, असे तो सांगतो. पण वार झाले तेव्हा त्याला तिथून बाजूला नेलेले होते, त्याने पाहिले काय? नेर्व्ही टोळीवरच्या विजयाच्या संध्याकाळी सीझरने हा झगा पहिल्यांदा घातला ते मला आठवते, असेही तो म्हणतो. ती लढाई इ.स.पूर्व ५७ ची, आणि तेव्हा अँटनी त्या मुलखात नव्हताच. जमावातल्या कोणालाच हे विचारावेसे वाटत नाही.

ॲरिस्टॉटलचा वक्तृत्वावरचा ग्रंथ अरबीत गेला तेव्हा फाराबी, इब्न सीना, इब्न रुश्द यांनी त्याला तर्कशास्त्राच्या दालनात जागा दिली. कोकणातल्या खतीब आडनावात जो धातू आहे, त्याच धातूपासून या शास्त्राचे ‘खिताबा’ हे नाव झाले. फाराबीने भेद मोठा नेमका केला आहे: सिद्धतेतून ‘यकीन’ येते, वक्तृत्वातून फक्त ‘इकना’, म्हणजे मन वळणे. रोमच्या त्या चौकात यकीन कोणालाच नव्हते. मने मात्र पुरती वळली होती.

पुढे काय झाले ते पाहावे. भाषणाची पारायणे करणारे बहुतेक इथेच पुस्तक मिटतात. रंगभूमीवरही पुढचा प्रवेश पुष्कळदा गाळला जाई; १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने तो ठेवला आणि हुकूमशाहीच्या त्या काळात तोच प्रेक्षकांना हादरवून गेला. प्रवेश अगदी छोटा. सिना नावाचा कवी रस्त्याने चालला आहे. जमाव अडवतो. नाव काय? कुठे चाललास? राहतोस कुठे? तो सांगतो, मी सीझरच्याच अंत्यविधीला निघालो आहे, मी कटातला सिना नव्हे. नाव तर तेच आहे ना! त्याला फाडतात. खरा सिनाही सीझरचा मित्र होता. सीझरविरुद्ध जळजळीत भाषण केलेला दुसराच सिना समजून लोकांनी त्याला ठार केले.

रस्त्यात थांबवून नाव विचारणे म्हणजे काय असते, हे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना समजावण्याची गरज नाही. आम्हाला तर हा प्रवेश वाचताना भाषणातली एकही ओळ आठवत नाही. आठवते ती सिनाची धडपड: प्रत्येक प्रश्नाला सरळ, खरे उत्तर देण्याची.

लगेच पुढच्या प्रवेशात अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस बसून कोणाला मारायचे त्याची यादी करतात. इथेही नावेच. एकाचा भाऊ, दुसऱ्याचा भाचा, नावापुढे टिंब पडते. आणि तिथेच अँटनी सहज सांगतो, की ते मृत्युपत्र आणा, देणी कुठे कमी करता येतील ते बघू. हेच मृत्युपत्र हवेत फडकवून त्याने लोकांना रडवले होते! इतिहासातल्या यादीत सिसेरो होता. इ.स.पूर्व ४३ च्या ७ डिसेंबरला त्याला मारले आणि त्याचे शिर व हात चौकातल्या भाषणाच्या चौथऱ्यावर लावले.

मृत्युपत्रातले माणशी ३०० सेस्टर्स लोकांना शेवटी मिळाले, पण अँटनीकडून नाहीत. सीझरची रोकड त्याने हातची सोडली नाही. दत्तक वारस ऑक्टेव्हियनने मालमत्ता विकून देणी भागवायला सुरुवात केली. पुढे ऑगस्टस म्हणून राज्य करताना त्याने आपल्या कामांचा जो जमाखर्च लिहून ठेवला, त्यात हे ३०० सेस्टर्स नोंदले आहेत. आपल्या कोणत्याही वाटपाचा लाभ अडीच लाखांपेक्षा कमी लोकांना झाला नाही, असेही लिहिले आहे. त्या लेखाची सर्वांत पूर्ण प्रत अंकारात, हाजी बैराम वलींच्या मशिदीला लागून उभ्या असलेल्या जुन्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहे. तीत ब्रूटसचे नाव नाही, अँटनीचेही नाही. सिनाचे तर नाहीच.