न वाचलेली पॉलिसी



परवा जुनी कागदपत्रं आवरताना घराच्या विम्याची पिवळी पडलेली पॉलिसी हाती लागली आणि २६ जुलै २००५ आठवला. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या कल्याणच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. फ्रिज, गाद्या, सासूबाईंचं शिवणयंत्र, माझी पुस्तकांची दोन कपाटं, सगळं गेलं.

हे म्हणाले, "घाबरू नकोस, घराचा विमा आहे." विमा होताच, पण कर्ज देताना बँकेने उतरवायला लावलेला, नुसत्या इमारतीचा. भिंती तर उभ्याच होत्या! घरातल्या सामानाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी आम्ही सह्या केल्या होत्या. 'प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका' असं वर्गात वर्षानुवर्षं सांगणारी मी!

हे मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "चूक माझीच." खरंच का? इतिहास शिकवलेला असल्यामुळे मी जरा मागे जाऊन पाहिलं.

१७६६ साली सुमात्रातल्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याचा खटला लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे चालला. माहिती दडवायची नाही, हे बंधन विमा घेणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर सारखंच आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे मात्र व्यवहारात हे ओझं बरंचसं घेणाऱ्याच्याच डोक्यावर आलं. त्याने सगळं खरं सांगायचं, एखादी गोष्ट राहिली तर दावा फेटाळला जायचा. कंपनीने काय सांगायचं, यावर फारसा जोर नव्हता.

आपल्याकडे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं की ग्राहकाला न कळवलेली वगळणुकीची अट कंपनीला त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आलं आणि २००२ मध्ये पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे नियम झाले. कोणती जोखीम विम्यात आहे, कोणती नाही, हे पॉलिसीत स्पष्ट लिहायला हवं, असं त्यांत होतं.

म्हणजे २००५ मध्ये नियम होता! आमच्या पॉलिसीत 'इमारत' हा शब्द स्पष्ट छापलेलाही होता. पण छापणं म्हणजे कळणं नव्हे. फॉर्म भारतीय भाषांत देण्याचीही त्या नियमांत सोय होती, पण सक्ती नव्हती. 'द्यावेत' आणि 'देता येतील' यांतला फरक मराठीच्या बाईला कोणी वेगळा सांगायला नको.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी आली. भाषा सोपी, 'तुम्ही' आणि 'आम्ही' अशी. पूर आणि भूकंप दोन्ही त्यात आहेत. आणि मुख्य म्हणजे इमारतीचा विमा घेतला की सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. यादी द्यावी लागत नाही. ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर ती दोन कपाटं आली. पुढे २०२४ मध्ये नियामकाने पॉलिसीबरोबर ठळक गोष्टींचं माहितीपत्रकही द्यायला सांगितलं.

तेव्हा माझा निकाल असा : चूक ह्यांच्या एकट्याची नव्हती. थोडी आम्हा दोघांची, थोडी फुल्या मारून देणाऱ्याची, आणि थोडी छापलं की सांगितलं असं धरून चालणाऱ्या नियमाची. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

आता सुनेने नवी पॉलिसी आणली की आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसून ती मोठ्याने वाचतो. अडलं की एजंटला फोन. तो वैतागतो. वैतागू दे!

तुमच्या घराची पॉलिसी कपाटात असेल तर आज काढा. सामानाचं काय लिहिलंय, तेवढं तरी बघा.