वळणाच्या कोष्टकामागची माणसं

सिव्हिल थ्रीडीमध्ये रस्त्याची मध्यरेषा आखताना एखादं वळण फार आवळलं, की त्यावर पिवळा त्रिकोण उगवतो, आत उद्गारचिन्ह. डिझाइन स्पीड ताशी 100 किलोमीटर दिलाय आणि निकषांच्या फाइलीत आपलं भारतीय कोष्टक भरलंय, तर सपाट मुलखात त्रिज्या 360 मीटरच्या खाली गेली की त्रिकोण हजर. 80 च्या वेगाला हीच मर्यादा 230 मीटर. नवी मुलं त्रिज्या वाढवतात, त्रिकोण जातो, काम पुढे सरकतं. हे आकडे आले कुठून, असं क्वचितच कुणी विचारतं. कुणी विचारलंच, तर मी 1936 सालापासून सुरुवात करतो.

त्या साली अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्समधल्या जोसेफ बार्नेट यांनी मांडलं, की रस्त्यासाठी आधी एक वेग गृहीत धरावा आणि वळणं त्याच्याशी सुसंगत ठेवावीत. यातलं गणित शाळकरी आहे: वेगाचा वर्ग भागिले 127 गुणिले त्रिज्या. जो आकडा येईल, तो रस्त्याची उचललेली बाहेरची कड आणि टायरचं घर्षण यांनी मिळून पेलायचा. पण घर्षण किती धरायचं? कोरड्या रस्त्यावर टायर बरंच पेलतो. बार्नेट यांनी गाडी घसरण्याच्या कितीतरी आधीची खूण निवडली: वळणावर अंग बाहेर फेकलं जातंय असं बसलेल्याला प्रथम जाणवतं, तो क्षण. 1940 मध्ये मोयर आणि बेरी यांनी यासाठी वाकड्या काचनळीतल्या पोलादी गोळीचा आधार घेतला. गोळी किती अंश सरकली, त्यावरून वळणाचा सुरक्षित वेग ठरवायचा. म्हणजे कोष्टकातल्या घर्षणाचं मूळ माणसाच्या अस्वस्थपणात आहे. मला हे फार आवडतं.

आपल्याकडे जयकर समितीच्या शिफारशींतून 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. (हे जयकर म्हणजे आपले बॅरिस्टर मुकुंदराव.) वळणांची कोष्टकं आयआरसी 38 या पुस्तिकेत 1970 साली आली. आपल्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे बैलगाडी असायची. कड फार उचलली तर उसाने किंवा कडब्याने लादलेली गाडी आतल्या अंगाला कलंडणार. म्हणून सपाट मुलखात कड 7 टक्क्यांहून जास्त उचलायची नाही, आणि ती काढताना वेगही पाऊणच धरायचा. उरलेलं घर्षणाने, 0.15 पर्यंत, सोसायचं. खन्ना-जस्टोंच्या पुस्तकात ज्या सूत्रात 127 च्या जागी 225 दिसतो, तो या पाऊण वेगामुळे. परीक्षेत आम्ही तो नुसता पाठ केला होता. गाड्या बदलल्या, रस्ते चौपदरी झाले, तरी बैलगाडी त्या आकड्यात आहेच.

सॉफ्टवेअर त्रिज्या तपासतं. वेग मात्र आपण भरलेला असतो. रस्ता 60 अंशांत वळतोय असं धरा. 230 ऐवजी 360 मीटर त्रिज्या घेतली, तर वळणाचा मध्य सुमारे 20 मीटर आतल्या बाजूला सरकतो. 20 मीटरांत विहीर येते, गोठा येतो, कधी अख्खं घर. म्हणून मी त्रिज्येवर वाद घालत बसत नाही. वेगाचा रकाना भरला जातो त्या बैठकीत बोलतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतकरी विचारतो, ‘साहेब, वळण जरा पलीकडून नाही का नेता येणार?’ तोवर त्या रकान्यात 100 भरून कित्येक महिने झालेले असतात.