बापाच्या नावाचा रकाना : नारायण गंगाराम सुर्वे

१/
शाळेच्या पटावर मुलाच्या नावाशेजारी एक रकाना असतो : वडिलांचे नाव. बहुतेकांच्या बाबतीत तो क्षणार्धात भरला जातो आणि पुढे कोणाला त्याची आठवणही राहत नाही. ज्या मुलाला तो भरता येत नाही, त्याची वाट मात्र शाळेच्या उंबरठ्यावरच अडते. आधुनिक मराठी कवितेतील एका थोर नावाचा इतिहास याच रकान्यापासून सुरू होतो. #थ्रेड

२/
साल १९२६. मुंबईच्या गिरणगावात रस्त्याच्या कडेला टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. गंगाराम इंडिया वूलन मिलमध्ये कामाला होते, त्यांच्या पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये. दोघांची मिळकत बेताची, बिऱ्हाड लहान. तरीही ते मूल त्यांनी घरी आणले, त्याचे नाव नारायण ठेवले आणि त्याच्यापुढे स्वतःचे नाव लावले.

३/
या घटनेचे मोल समजण्यासाठी तेव्हाची मुंबई डोळ्यांसमोर आणावी लागते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढच्या सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा पट्टा गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि घाटावरून आलेल्या माणसांनी या गिरण्या चालवल्या.

४/
ही माणसे चाळीत राहत. बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला एकच खोली येई. तिच्यात चूल, मोरी आणि अंथरूण. गावाकडून एकटे आलेले पुरुष एका गाळ्यात दाटीवाटीने राहत, पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. बीडीडी चाळी त्या याच.

५/
कामगाराला हक्काची विश्रांतीदेखील मागून मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि दीर्घ लढ्यानंतर १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी पदरात पडली. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने संप केला. चाळीचाळींत चुली थंडावल्या होत्या. तो लहानगा नारायण त्या वेळी दोन वर्षांचा होता.

६/
अशा वस्तीत अनोळखी मुलाला घरात घेणे म्हणजे आहे त्या भाकरीत आणखी एक वाटेकरी वाढवणे. दत्तकविधानाची परंपरा होती. पण ती प्रामुख्याने वंश, वारसा आणि वतन सांभाळण्यासाठी. गंगारामांकडे वारशाने देण्याजोगी इस्टेट नव्हती. त्यांच्यापाशी देण्यासारखे एकच होते, आपले नाव. ते त्यांनी दिले, आणि त्यासाठी जात वा कूळ विचारले नाही.

७/
त्या नावाने लगेच एक दार उघडले. १९२० च्या कायद्याने मुंबई महापालिकेला प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला होता आणि कामगारवस्तीत शाळा वाढत होत्या. नारायण गंगाराम सुर्वे हे नाव शाळेच्या पटावर चढले. रस्त्यावर सापडलेले मूल मराठी चौथीपर्यंत शिकले. त्या काळातील गिरणगावात हे शिक्षण थोडे नव्हते.

८/
मग आधार सुटला. १९३६ च्या सुमारास गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणातील आपल्या गावी परतले. मुंबईत तेव्हा म्हाताऱ्या कामगाराला पोसणारी कोणतीच व्यवस्था नव्हती. अंग थकले की गाव गाठायचे, हाच रिवाज होता. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. नारायण दहा वर्षांचा होता.

९/
यापुढची वर्षे म्हणजे शहराच्या तळाशी काढलेली वर्षे. कोणाच्या घरी घरगडी, कुठे हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या, कुठे कुत्री सांभाळणारा, कुठे दूध टाकणारा, कधी हमाल, कधी गिरणीतला कामगार. रात्री पदपथावर पाठ टेकायची आणि सकाळी नवे काम शोधायचे. पुढे ज्या माणसांना त्याच्या कवितेत जागा मिळाली, त्यांची ओळख त्याला इथेच झाली.

१०/
दारिद्र्यातून वर आलेल्या माणसांच्या कथा सहसा एका ठरलेल्या वळणाने सांगितल्या जातात : जिद्द, कष्ट, यश. सुर्वे यांच्या बाबतीत जिद्द होतीच. परंतु तेवढीच जिद्द असलेली हजारो मुले त्याच पदपथांवर वाढली आणि तिथेच संपली. याच मुलाला वर येण्यासाठी पायऱ्या कोणत्या मिळाल्या, हे पाहिल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही.

११/
पहिली पायरी गंगाराम-काशीबाईंचे घर. दुसरी महापालिकेची शाळा. तिसरी पायरी कामगार चळवळीची. गिरणगावात त्या काळी संघटना केवळ पगारवाढीसाठी नव्हती. गेटसभा, अभ्यासवर्ग, वाचनालये, भजनी मंडळे, नाटके आणि कलापथके यांची तिला जोड होती. अर्धशिक्षित कामगाराला जगाचा नकाशा आणि आपल्या दुःखाची कारणे एकाच ठिकाणी समजत.

१२/
१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. डफ-तुणतुण्याच्या साथीने पोवाडे आणि लावण्या कामगार मैदानापासून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचल्या. तरुण सुर्वे कम्युनिस्ट चळवळीत याच वातावरणात घडले. त्यांनीही गाणी लिहिली. त्यांतले डोंगरी शेतावर राबणाऱ्या बाईचे गाणे तर कवीचे नाव ठाऊक नसलेल्यांच्याही ओठी बसले.

१३/
चौथी पायरी घरातली. कृष्णाबाईंशी त्यांचा विवाह झाला तेव्हा संसार मांडायला धड जागाही नव्हती. सभा, मोर्चे आणि कविता यांत बुडालेल्या माणसाचा प्रपंच या बाईंनी ओढला. ‘मास्तरांची सावली’ या आत्मकथनात त्यांनी तो स्वतःच्या शब्दांत सांगितला आहे. कवीच्या चरित्राची दुसरी बाजू वाचायची असेल तर या पुस्तकाला पर्याय नाही.

१४/
पाचवी पायरी पुन्हा शाळाच. महापालिकेच्या शाळेत सुर्वे शिपाई म्हणून लागले. घंटा देणारा, फळा पुसणारा हा शिपाई रिकाम्या वेळी अभ्यास करी. तिशीच्या आसपास असताना त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा दिली, ती उत्तीर्ण केली, आणि काही वर्षांतच महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. गिरणगावाने त्यांना दिलेली ‘मास्तर’ ही पदवी शेवटपर्यंत टिकली.

१५/
१९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला. १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’. हे शीर्षक मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मचरित्राची आठवण देणारे आहे. रशियातील त्या लेखकाचेही बालपण अनाथपणात आणि पडेल ते काम करण्यात गेले होते. पुढे ‘जाहीरनामा’ (१९७५), ‘सनद’ (१९८२) आणि ‘नव्या माणसाचे आगमन’ (१९९५) हे संग्रह प्रसिद्ध झाले.

१६/
मराठी कवितेत कामगार याआधीही येत होता. मात्र बहुधा दुरून पाहिलेला, दयेचा वा क्रांतीचा विषय म्हणून. सुर्वे यांच्या कवितेत तो स्वतः बोलू लागला. हमाल, वेश्या, पत्रे डकवणारा पोऱ्या, दंगलीत सापडलेला शेजारी अशी माणसे आपापल्या बोलीत तिथे वावरतात. दलित साहित्याचा प्रवाह उफाळून येण्याच्या उंबरठ्यावर या भाषेने मराठी काव्याची दारे रुंद केली होती.

१७/
त्यांची एक गाजलेली कविता शाळेतच घडते. देहविक्रय करणारी एक आई मुलाचे नाव घालायला येते. मास्तर बापाचे नाव विचारतात. ती माउली कोणाचे नाव सांगणार? अखेरीस ती मास्तरांनाच विनवते, की त्या जागी तुम्ही आपलेच नाव लिहा. कवितेतील मास्तर काय करील, यापेक्षा ती लिहिणाऱ्या मास्तरांच्या बाबतीत काय घडले होते, हे ध्यानात घेतले की कवितेचा अर्थ आणखी खोल जातो.

१८/
ज्याचा रकाना एका गिरणी कामगाराने भरला, तोच पुढे पट हाती धरून इतरांच्या मुलांचे रकाने भरू लागला. गंगारामांनी केलेली गोष्ट एका माणसाच्या दयेची होती. ती आई मागते आहे ती दया नव्हे. मुलाला शाळेत बसू देण्याचा अधिकार आहे, आणि तो मिळवण्यासाठी तिला दयेचे दार ठोठवावे लागते. या कवितेतील वेदना इथे आहे.

१९/
हा रकाना केवळ महानगरापुरता नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेलंगणाच्या सीमेवर झरी जामणी हा तालुका आहे. कापूस पिकवणारा मुलूख. वस्ती मोठ्या प्रमाणावर आदिवासी, त्यांत कोलाम. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातींमध्ये होते. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्या वऱ्हाडासारख्या कापूसपट्ट्यांच्या जोरावर.

२०/
या तालुक्याचे नाव वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून वारंवार आले ते कुमारी मातांच्या प्रश्नामुळे. बाहेरून आलेल्या ठेकेदार-व्यापाऱ्यांनी लग्नाचे आमिष दाखवून आदिवासी मुलींना फसवले आणि मूल पदरी टाकून पाठ फिरवली. मुंबईतील त्या कवितेतली आई आणि पोडावरची ही आई यांच्यात शेकडो मैलांचे अंतर आहे. शाळेच्या टेबलासमोर मात्र दोघींना विचारला जाणारा प्रश्न एकच.

२१/
कायदा या प्रश्नापर्यंत फार उशिरा पोहोचला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मागता येईल, तसेच तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असा निर्णय दिला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लावण्याचे ठरवले. सुर्वे यांच्या जन्मानंतर ९८ वर्षांनी.

२२/
निर्णय कागदावर उतरला म्हणजे तो शेवटच्या वस्तीवर पोहोचला, असे होत नाही. पोडावरच्या आईला प्रतिज्ञापत्र करायचे तर तालुक्याला जावे लागते. एक रोजगार बुडतो, गाडीभाडे लागते, आणि आपली कथा पुन्हा एका अनोळखी माणसासमोर उघडी करावी लागते. म्हणून टेबलामागे बसलेल्या माणसाच्या स्वभावावर आजही पुष्कळ काही अवलंबून राहते.

२३/
इकडे सुर्वे ज्या पायऱ्या चढून आले, त्या एकेक करून ढासळत गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर वाचनालये, कलापथके आणि चाळीतले अभ्यासवर्गही विरले. काशीबाई जिथे राबल्या, त्या कमला मिलच्या आवारात आज कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत.

२४/
सुर्वे यांना मानसन्मान भरपूर मिळाले. १९७३ मध्ये सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार, १९९५ मध्ये परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ मध्ये पद्मश्री. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या माहितीपटाचे शीर्षक म्हणजे केवळ त्यांचे पूर्ण नाव : ‘नारायण गंगाराम सुर्वे’. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाणे येथे त्यांचे निधन झाले.

२५/
एक अनाथ मूल पद्मश्रीपर्यंत पोहोचले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला सुखद आहे. परंतु तिच्या मुळाशी वेतनावर जगणारी दोन माणसे आहेत, फी न घेणारी एक शाळा आहे, शिपायाला परीक्षेला बसू देणारी एक व्यवस्था आहे आणि अंगठेबहाद्दरालाही पुस्तक हाती देणारी एक चळवळ आहे. यांपैकी एक दुवा निखळला असता, तर मराठीला हा कवी लाभला असता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२६/
गंगाराम कुशाजी सुर्वे यांचे स्मारक कुठे नाही. गिरणीच्या हजेरीपटावरची त्यांची नोंदही काळाच्या ओघात गेली असेल. पण मराठी कवितेच्या इतिहासात, मुलाच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध, त्यांचे नाव कायमचे राहिले आहे. एका रकान्यात लिहिलेले एक नाव मुलासाठी काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. (समाप्त)