परळचा गुरांचा दवाखाना

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करावयाची, जुवाने सुजलेल्या खांद्यास हळद-तूप चोळावयाचे, ही रीत वणीकरांस सांगावयास नको. परंतु बुळकांडी आली की तेथे हळद चालत नसे; गोठेच्या गोठे ओस पडत. तेथे शास्त्रच हवे होते. आपल्या मुंबई इलाख्यात ते शिकविण्याची सोय झाली ती परळला.

परळ म्हणजे गिरण्यांचा मुलूख. १८८४ साली तेथे दोन गोष्टी घडल्या. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावे, जनावरांचे रुग्णालय उघडले. त्याच साली सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची सभा भरविली. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार हवा, असे त्यांचे मागणे होते. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. जनावरास दवाखाना आधी आणि माणसास सुट्टी नंतर, हे पाहून आम्हांस त्या बैलाचा हेवा वाटत नाही. मुंबईची ट्राम त्या काळी घोडेच ओढीत होते, बंदरावरचा माल बैल वाहत होते. तीही आमच्यासारखीच राबणारी जात. आमचे म्हणणे एवढेच, की दयेने इमारत उभी राहते. तिच्यात उपचार चालावयास शिकलेले हात लागतात.

ते हात तयार करण्याचे काम १८८६ साली सुरू झाले. त्याच रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि जे. एच. स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. जनावर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. म्हणून नाडी, श्वास, रवंथ, चाल, शेण हे पाहून रोग ओळखण्याची विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. ती दारी आलेल्या आजारी जनावरापाशीच शिकावी लागते. येथे शिकलेले पशुवैद्य मग जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

तिसरे काम संशोधनाचे. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. रोगाचे जंतू घेऊन वस्तीजवळ प्रयोग करणे धोक्याचे, म्हणून १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. पुढे तेथेच बुळकांडीचा विषाणू शेळ्यांत वाढवून सौम्य केला गेला आणि त्याची लस झाली. परंतु लस कुपीत असून भागत नाही. १९५४ पासून बुळकांडी निर्मूलनाची देशव्यापी मोहीम निघाली, तेव्हा गोठ्यागोठ्यांत जाऊन टोचणारी माणसे लागली, आणि शेतकऱ्याचा त्यांच्यावर विश्वास असावा लागला. भारतात या रोगाची शेवटची साथ १९९५ साली आली. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. मानवाने समूळ घालविलेला हा देवीनंतरचा दुसराच रोग.

उपचार, शिक्षण व संशोधन हे तीन बैल एकाच औताचे आहेत. एक सोडला तर तास वाकडे जाते. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची साथ आली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांस टोचून तिला आवर घालावा लागला. अशा वेळी गावचा दवाखाना उघडा आहे काय, तेथे डॉक्टर नेमलेला आहे काय, हे विचारणे शेतकऱ्याचे काम आहे. १८८४ च्या कामगारांनी हात पसरले नव्हते, हक्क मागितला होता. आपल्या मुक्या सोबत्यांसाठी आपणही तसाच मागावा.