सोळाव्या पाळीची किंमत

२६ एप्रिल २००३, न्यूयॉर्क. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा ‘ड्राफ्ट’, म्हणजेच महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, सुरू होता. आपला बचाव सुधारण्यासाठी त्या दिवशी काही संघांनी रांगेत पुढे सरकण्याची किंमत मोजली. त्यांपैकी तीन सौद्यांविषयी आजचा धागा.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी एक खुलासा: येथे पैशांची बोली नसते. १९३६ पासूनच्या प्रथेनुसार सर्वांत दुबळा संघ प्रथम निवडतो. हवा तो खेळाडू आपली पाळी येईपर्यंत उरणार नाही असे वाटले, तर दुसऱ्याची पाळी घ्यावी लागते आणि मोबदल्यात स्वतःच्या पाळ्या द्याव्या लागतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाने पाळ्यांच्या मूल्याचा एक तक्ता बनवला. पहिली ३००० गुणांची, चौथी १८००, सोळावी १०००, सत्ताविसावी ६८०. पुढे इतर संघांची घासाघीसही त्याच्याच आधारे होऊ लागली.

न्यूयॉर्क जेट्सने तेरावी, बाविसावी आणि चौथ्या फेरीतील एक पाळी शिकागोला देऊन चौथी पाळी घेतली व ड्वेन रॉबर्टसनला निवडले. पहिल्या दोन पाळ्यांचेच गुण १९३० होतात! न्यू ऑर्लिन्सने सतराव्या आणि अठराव्या पाळीवर पाणी सोडून सहावी मिळवली व जोनाथन सलिव्हनला घेतले. दोघेही आघाडीच्या बचावफळीतले धिप्पाड खेळाडू. सलिव्हन तीन हंगामांतच संघाबाहेर गेला. रॉबर्टसनची कारकीर्द २००८ मध्ये आटोपली.

पिट्सबर्ग स्टीलर्सची अडचण निराळी होती. त्यांना ‘सेफ्टी’, म्हणजे बचावातील सर्वांत मागचा रक्षक हवा होता. नुकताच सुपर बोल गाजवलेला डेक्स्टर जॅक्सन येणार असे ठरत आले होते. ऐनवेळी तो ॲरिझोनाकडे गेला. मग त्यांनी सत्ताविसावी पाळी आणि तिसऱ्या व सहाव्या फेरीतील एकेक पाळी कॅन्सस सिटीला देऊन सोळावी घेतली. तक्त्याच्या हिशेबाने सौदा स्वस्तच होता. निवड झाली ट्रॉय पोलामालूची.

पुढे दोन सुपर बोल विजय, २०१० चा सर्वोत्तम बचावपटू हा मान, २०२० मध्ये हॉल ऑफ फेम. त्यामुळे पिट्सबर्ग शहाणे आणि जेट्स मूर्ख, असा निवाडा झटकन दिला जातो. मला तो मान्य नाही. पहिल्या हंगामात पोलामालू एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरांत नव्हता. हाच धागा जानेवारी २००४ मध्ये लिहिला असता, तर ‘एका राखीव खेळाडूसाठी तीन पाळ्या’ अशी टीका मीच केली असती. शेवट ठाऊक असलेल्याने निर्णयाच्या क्षणाचे मोजमाप करताना सावध राहावे, हे आपण लढायांविषयी म्हणतो. खेळाला तो नियम का नसावा?

आणि कॅन्सस सिटी? त्यांनी सत्ताविसाव्या पाळीवर लॅरी जॉन्सन हा धावपटू घेतला. २००५ मध्ये तो १७५० यार्ड धावला, २००६ मध्ये १७८९.