टाकीच्या झाकणाची कुळकथा

गच्चीवरच्या टाकीला डास शिरणार नाही असं झाकण हवं आणि तपासनिसाला वर चढायला शिडी हवी, हा मुंबई महापालिकेचा आग्रह अनेकांना कागदी जाच वाटतो. त्यामागे शंभर वर्षांहून जुना शोध आहे. 1897 साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनाफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. पण दाट वस्तीच्या शहरात हा डास वाढतो कुठे? मुंबईच्या मलेरियावरच्या 1911च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी बोट ठेवलं ते विहिरी आणि टाक्यांवर. विहार तलावाचं पाणी नळाने येऊन पन्नास वर्षं झाली, तरी जुन्या विहिरी उघड्याच होत्या आणि ॲनाफिलीस स्टिफेन्सी त्यांतच वाढत होता. थोडक्यात, शहराचा मलेरिया पोसला जात होता तो घरच्या साठवणीच्या पाण्यावर.

विहिरी बुजवा किंवा झाका म्हटल्यावर पारशी आणि हिंदू घरांतून धार्मिक हरकत आली. तिच्यावर तोड निघाली ती पक्क्या झाकणात बारीक तारेच्या जाळीची झडप बसवण्याची. डासाची वाट अडली की काम भागतं, हे तेव्हाच उमगलं होतं. म्हणूनच आजही झाकणाचा तुटलेला कोपरा आणि ओव्हरफ्लोच्या नळीचं उघडं तोंड आधी पाहायचं.

गटारं साफ करा, डास आपोआप जातील, असं म्हणणारे पुष्कळ. घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स वाढतो. मलेरियाचा स्टिफेन्सी आणि डेंगीचा एडिस यांना आपलं साठवणीचं पाणीच मानवतं. धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. नळाला रोज पाणी नसेल तर लोकांनी साठवू नये का, हा आक्षेप मात्र खरा आहे. नियमित पाणी देणं हे पालिकेचं काम, आणि त्यातली कसूर नागरिकांच्या माथी मारता येत नाही. तरीही पिंपावर झाकण घालायला नळाची वाट पाहावी लागत नाही. हाच स्टिफेन्सी 2012 साली आफ्रिकेत जिबुतीत आढळला, आणि आता तिथल्या शहरांनाही पाण्याची भांडी झाकावी लागत आहेत.

अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायचा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, तेव्हा पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. ते आतून घासा, आणि मगच भरून झाका.